कॅझने फिरवलेली पानं

आमच्या मॉर्गन्स पॅचमध्ये कुणाचा संसार मोडायला आलाय, कुणाच्या पोरानं पुन्हा बाटली धरलीय, कोण गुपचूप दुसऱ्या चर्चला जायला लागलंय, हे सगळं मला इतरांच्या आधी कळतं, असा माझा समज होता. काउंटीच्या वृद्धाश्रमाचं स्वयंपाकघर सत्तावीस वर्षं चालवलंय मी. तिथं सूप उशिरा तयार होतं, बातमी नाही. तर अशा मला, ग्वेन युरकॉनिसला, माझ्याच घरातली गोष्ट पस्तीस वर्षं कळली नाही. आणि कळली कुठं? कोर्टात, न्यायाधीशासमोर, आमच्या पक्षाचा वॉरन ग्रीनॉ दोन बाकं सोडून बसलेला असताना.

आधी लग्नाचं सांगते. माझी माणसं वेल्श. आजोबा, पणजोबा कोळशाच्या खाणीत मुकादम. मुकादम म्हणजे रिपब्लिकन, यात आमच्या घरात कुणाला कधी शंका आली नाही. माझा नवरा कॅझ, त्याचे लोक लिथुआनियन. खाणीच्या पोटात उतरणारे, त्यामुळे जन्मापासून डेमोक्रॅट. या दोन जमातींचे गुत्ते वेगळे होते, दफनभूमी वेगळ्या होत्या, आणि पोरांच्या मारामाऱ्या मात्र एकत्र व्हायच्या. १९८३ मध्ये मी कॅझला घरी घेऊन गेले तेव्हा बाबांनी त्याला स्वयंपाकघरात बसवलं, समोर ॲपल-पायची बशी ठेवली आणि म्हणाले, "हे बघ पोरा, चर्च तुझं तुला लखलाभ. मुलंबाळंही तुमच्याच चर्चमध्ये ने. पण माझ्या टेबलाशी डेमोक्रॅट जेवायला बसणार नाही."

दुसऱ्याच सोमवारी कॅझ बाबांच्या गाडीत बसून काउंटीच्या कचेरीत गेला आणि मतदारयादीत नावापुढं लिहिलेला आपला पक्ष बदलून आला. त्याची आई माझ्याशी दोन वर्षं बोलली नाही. मला काय, मी हवेत होते. बाकीच्या पोरींना अंगठ्या मिळाल्या. माझ्यासाठी माणसानं आख्खा पक्ष सोडला, असं मी सांगत फिरायची. कितीदा सांगितलं असेल याची आता लाज वाटते.

पुढं मी पक्षाचं काम अंगावर घेतलं. आमच्या दरीत आमच्या एका मतदारामागे त्यांचे तिघं. तरी चोवीस वर्षं मी आमच्या मतदान केंद्राची पक्षाची कार्यकर्ती होते. अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये मतदान होतं. वसंतात आणि हिवाळ्याच्या तोंडावर, दोन्ही वेळा, सकाळी सातपासून संध्याकाळपर्यंत मी दाराबाहेर पत्रकं वाटत उभी. लोक माझ्यासमोर पत्रक घ्यायचे आणि आत जाऊन दुसऱ्यालाच मत द्यायचे, हेही मला माहीत होतं. हरण्याचं मला काही वाटत नसे. आपण कुठं उभे आहोत ते सगळ्यांना दिसलं पाहिजे, एवढंच माझं म्हणणं.

काउंटीचा कारभार तीन आयुक्त बघतात. प्रत्येक पक्षानं दोनच उमेदवार द्यायचे आणि चारांतले तीन निवडून यायचे, असा कायदा आहे. म्हणजे आमच्याकडे नेहमी त्यांचे दोन आणि आमचा एक. आता त्या एकानं काय करावं? निदान 'नाही' म्हणावं. पण हरण्याची सवय झाली की माणूस त्यातही आपली सोय बघतो. आमचा तो एक त्या दोघांबरोबर हात वर करायचा आणि भाच्याला, पुतण्याला कुठंतरी चिकटवून घ्यायचा. गेल्या ऑक्टोबरात वृद्धाश्रम एका खासगी कंपनीला विकायचा ठराव आला. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. तीन हात वर गेले. दोन निळे म्हणजे डेमोक्रॅट, एक लाल म्हणजे आमचा, टीव्हीवाले म्हणतात तसं. मला तर तिन्ही एकाच रंगाचे दिसले.

शेवटचा निर्णय पुढच्या निवडणुकीनंतर, नवे आयुक्त आल्यावर व्हायचा होता. म्हणजे एक तरी माणूस 'नाही' म्हणणारा तिथं बसायला हवा होता. आश्रमात एकशेदहा म्हातारी माणसं होती. त्यातली निम्मी माझ्या हातचं मॅश केलेलं खाऊन जगत होती. मी ठरवलं, आपणच उभं राहायचं.

आमच्या पक्षाचा काउंटीचा अध्यक्ष वॉरन ग्रीनॉ. गोड बोलतो. फोनवर म्हणाला, "ग्वेन, पक्षानं दोन्ही नावं ठरवलीत गं."

"पक्ष म्हणजे कोण? तू आणि तुझा मेहुणा?"

"तू चिडतेस. पुढच्या वेळी बघू ना तुझं."

"वॉरन, मी बासष्ट वर्षांची आहे. माझी पुढची वेळ तू कुठल्या दफनभूमीत बघणार आहेस?"

तो हसला. वॉरन नेहमी हसतो.

पक्षानं कितीही ठरवलं तरी वसंतातल्या प्राथमिक निवडणुकीत पक्षाचे साधे मतदारच उमेदवार निवडतात, आणि तिथं कुणालाही उभं राहता येतं. फक्त मतपत्रिकेवर नाव यायला शंभर सह्या लागतात. सह्या आपल्याच पक्षाच्या मतदारांच्या हव्यात. आणि जो माणूस सह्यांचं पान घेऊन दारोदार फिरतो तोही त्याच पक्षाचा हवा. पानाच्या तळाशी तो तसं लिहून सही करतो. तीन आठवड्यांची मुदत, तीही फेब्रुवारीत, बर्फात.

ईस्टरच्या आधीचा लेंटचा उपास चालू होता, शुक्रवारी मटण वर्ज्य, त्यामुळे शुक्रवारी सगळा गाव मासे खायला अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये. मी टेबलाटेबलावरून फिरले. डोलोरेस वॉर्गो, माझी मैत्रीण, चर्चच्या तळघरात माझ्या शेजारी बसून पिएरोगी, म्हणजे बटाट्याच्या करंज्या, भरते ती, तिकिटं फाडत होती. ती डेमोक्रॅट, आणि वीस वर्षं आमच्या केंद्राची मतदान-प्रमुख. मला म्हणाली, "मला सही करता येत नाही, नाहीतर दोन केल्या असत्या."

दोन आठवड्यांत माझ्या शहाण्णव झाल्या. पुढं घोडं अडलं. वॉरननं लोकांना फोन केले होते. दार उघडायचं आणि "ग्वेन, तुझं बरोबर आहे गं, पण..." असं म्हणून पुन्हा लोटायचं. म्हणून मी एका संध्याकाळी कोरी पानं कॅझपुढं ठेवली.

कॅझ काउंटीच्या रस्तेखात्यात. हिवाळ्यात बर्फ काढायचा नांगर चालवतो. माझ्यापुढं न उघडणारं दार त्याच्यापुढं उघडतं, कारण त्यानं प्रत्येकाची गाडी कधी ना कधी बर्फातून काढून दिलेली आहे. त्यानं पान हातात घेतलं, उलटंपालटं केलं.

"माझं अक्षर वाईट आहे," तो म्हणाला.

"सह्या लोकांनी करायच्यात, तू नाही."

"खाली मलाही करायचीय ना."

"मग कर की! लग्नाच्या वहीत केलीस तेव्हा काय मोत्यासारखं होतं?"

 त्यानं पान घडी करून खिशात घातलं. बारा तास नांगर चालवून दमला असेल, असं मला वाटलं. जेवायला जास्तीचा बटाटा वाढला मी त्याला.

पाच दिवसांत त्यानं बावन्न सह्या आणल्या. कामावरून आला की पुन्हा बूट चढवून बाहेर. त्याचे गाल फुटले होते थंडीनं. मी शेजारणीला सांगितलं, चाळीस वर्षांनी माणूस पुन्हा माझ्यामागे लागलाय म्हणून. एकूण झाल्या एकशेअठ्ठेचाळीस. पक्षाच्या मतदारांची यादी माझ्याकडे असतेच. मी एकेक नाव घेऊन बसले आणि यादीशी ताडून पाहिलं. एकही चुकीचं नव्हतं. मग कागद दाखल केले आणि घरी येऊन केक केला.

आठवड्याच्या आत हरकत आली. हरकत घेणारा वॉरनचा मेहुणा. सुनावणी पुढच्या मंगळवारी. मी निर्धास्त होते. कॅझ मात्र जेवेना. मी त्याला उलट धीर देत होते, "अरे, तपासलीत मी सगळी नावं!"

कोर्टात वॉरनच्या बाजूनं एक तरुण वकील होता, केस चापूनचोपून बसवलेला. माझ्या शहाण्णव सह्यांना त्यानं हातही लावला नाही. मला वाटलं, जिंकलो. मग तो म्हणाला, "श्रीमान कॅसिमीर युरकॉनिस यांना बोलवायचंय."

कॅझ पिंजऱ्यात जाऊन बसला. रविवारचा कोट घातला होता त्यानं.

"ही दोन पानं तुम्ही फिरवलीत?"

"हो."

"खाली लिहिलंय की पान फिरवणारा हा रिपब्लिकन पक्षाचा नोंदणीकृत मतदार आहे. ही सही तुमची?"

"माझी."

"तुमची नोंदणी कुठल्या पक्षात आहे?"

मी मनात म्हटलं, हा कसला खुळा प्रश्न. कॅझनं माझ्याकडं बघितलं नाही. आपल्या हातांकडे बघत म्हणाला, "डेमोक्रॅटिक."

"कधीपासून?"

"अठ्ठ्याऐंशीच्या ऑक्टोबरपासून."

मला ऐकू आलं, पण समजलं नाही. मी शेजारी बघितलं, कुणी हसतंय का म्हणून. कुणी हसत नव्हतं. कुणाला धक्काही बसलेला नव्हता. तिथं आमच्या गावातले सात-आठ जण बसले होते आणि ते सगळे माझ्याकडे बघत होते. कॅझकडे नाही, माझ्याकडे. वॉरन तेवढा छताकडे बघत होता, आणि तोंडाच्या कोपऱ्यात त्याचं ते नेहमीचं हसू.

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. "श्रीमान युरकॉनिस, खोटं लिहून सही करणं हा गुन्हा आहे, कल्पना आहे ना? मी आज तो विषय काढत नाही. पण ही दोन पानं बाद." मग माझ्याकडे वळून जरा हळू आवाजात म्हणाल्या, "बाई, उरल्या शहाण्णव. मुदत संपलीय. मला काही करता येणार नाही."

चार सह्या. चार सह्या मी एका शुक्रवारी माशांच्या रांगेत उभ्या उभ्या आणल्या असत्या.

आता तुम्ही विचाराल, चोवीस वर्षं पक्षाची यादी हातात असताना हिला कळलं कसं नाही? घरी आल्यावर मी पहिलं तेच केलं. यादी काढली. आमचा रस्ता, आमचा घर नंबर. तिथं माझं एकटीचं नाव. दर वर्षीच्या यादीत माझं एकटीचं नाव. पण आपल्याच दाराची घंटा कोण वाजवतं? शेजारचं घर झालं की मी बोट उचलायची आणि पलीकडच्या घरावर ठेवायची. दीडशे नावं तपासली आणि पान फिरवणाऱ्याचं एक नाव तपासलं नाही. ते तपासावं लागेल असं माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

कॅझ कोट न काढता टेबलाशी बसला होता. मी म्हटलं, "बोल."

"कॅरिस तेव्हा सातव्या महिन्यातच जन्माला आली, आठवतं ना?" कॅरिस आमची मुलगी. "काचेच्या पेटीत होती. शिलाई-कारखाना बंद पडला होता, माझ्याकडे विमा नव्हता. डोलन म्हणाला, रस्तेखात्यात विम्यासकट जागा आहे. पण त्याच्या खात्यात रिपब्लिकन माणूस ठेवत नाही तो."

डोलन म्हणजे रस्तेखात्याचा तेव्हाचा साहेब. आता त्याचा मुलगा आहे त्याच खुर्चीत. कुणाच्या नावापुढं कुठला पक्ष, ती यादी कुणालाही मागवता येते, आणि दोघंही ती वाचणारे. आणि मी काही साळसूदपणा करत नाही, डोंगरापलीकडच्या काउंटीत आमच्या पक्षाचा साहेब हेच उलटं करतो. तिथल्या एका नांगरवाल्याशी मी स्वतः अभिनंदन म्हणून हात मिळवला होता, पक्षात आलास म्हणून.

"मला सांगायचं होतंस," मी म्हणाले.

"तुझे बाबा जिवंत होते तेव्हा."

"बाबा दोन हजार साली गेले, कॅझ."

"तोवर तू बाहेर पत्रकं वाटायला लागली होतीस. कुठल्या तोंडानं सांगू?" मग त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "तुझ्या बाबांनी माझा पक्ष बदलायला लावला, ते प्रेम. आणि डोलननं पोरीच्या औषधासाठी बदलायला लावला, तो दगा?"

 मी भांडी आपटली. खरं सांगते, त्या दिवशी गोष्ट एवढ्यावरच थांबली असती तर मी त्याला माफ केलं असतं. आठवडाभर बोलले नसते, पण केलं असतं. पोरगी पेटीत असताना मीही सैतानाच्या यादीत नाव घातलं असतं.

पण माझं डोकं थांबत नाही. मी विचारलं, "ते अठ्ठ्याऐंशी साल झालं. मला फेब्रुवारीचं सांग. पान खिशात घातलंस तेव्हा तुला माहीत होतं, खाली काय लिहिलंय ते?"

"हो."

"मग 'मी फिरवत नाही' म्हणायचंस! मी दुसऱ्या कुणाला दिली असती!"

"तू म्हणाली असतीस, का नाही फिरवत?"

"मग पक्ष बदलायचास! एक अर्ज आहे, कॅझ. एक तिकीट चिकटवून पेटीत टाकायचा. शेकडो लोकांचे मी स्वतः भरून घेतलेत!"

 तो उठला, बाहेर गाडीपाशी गेला आणि घडी घातलेला कागद घेऊन आला. पक्ष बदलायचा अर्ज. त्याच्या त्या वाईट अक्षरात नीट भरलेला, खाली सही केलेली. तारीख, मी त्याला पानं दिली त्याच्या दुसऱ्या दिवसाची.

"टपालपेटीपर्यंत गेलो होतो," तो म्हणाला. "दोनदा."

"मग?"

"डोलनचं पोरगं महिन्याच्या महिन्याला यादी मागवतं. माझं पेन्शन पुरतं व्हायला अठरा महिने राहिलेत, ग्वेन. मला वाटलं, पान कोण तपासतंय? नावं तपासतात. फिरवणाऱ्याला कोण बघतं?"

म्हणजे त्यानं मोजलं होतं. एका बाजूला डोलनचं पोरगं, एका बाजूला मी. पेटीच्या तोंडापाशी उभं राहून दोनदा मोजलं होतं, आणि दोन्ही वेळा कागद परत खिशात घातला. नंतर पाच दिवस गाल फुटेपर्यंत माझ्यासाठी बर्फात फिरला, हेही खरं. ते खरं असल्यामुळेच जास्त लागलं. नुसता लबाड असता तर मी चार शिव्या घालून मोकळी झाले असते.

मी डोलोरेसकडे गेले. प्राथमिक निवडणुकीत ज्याचा जो पक्ष, त्याला त्याच पक्षाची मतपत्रिका मिळते. टेबलावरची बाई वहीत नाव बघते, पक्ष मोठ्यानं म्हणते आणि कागद देते. मी बाहेर उभी असायची, आणि आत डोलोरेस पस्तीसांतली वीस वर्षं माझ्या नवऱ्याला डेमोक्रॅटची मतपत्रिका देत होती.

"माझ्या शेजारी बसून पिएरोगी भरत होतीस," मी म्हणाले. "इतकी वर्षं."

तिचे डोळे भरून आले. "मला वाटलं, तुला माहीत असेल गं."

"आणि नसेल तर?"

"नसेल तर... मग मी कशाला सांगू? घर मोडायचं होतं का मला तुझं?"

त्या आठवड्यात हे वाक्य मी किती तोंडांतून ऐकलं! किराणावाला, पाद्री, आश्रमातली भांडीवाली. मला वाटलं, तुला माहीत असेल. नवऱ्याचं बाहेर लफडं असलं की गाव बायकोशी जे बोलतं, अगदी तेच, त्याच आवाजात. वॉरनलाही पहिल्यापासून माहीत होतं. भेटल्यावर त्यानं ते लपवलंसुद्धा नाही. "आम्ही कधी त्याचा बाऊ केला नाही, ग्वेन," म्हणाला. "कधी कामाला येईल म्हणून ठेवलं होतं." चोवीस वर्षं मी त्याच्यासाठी थंडीत उभी राहिले, आणि हा माझ्या घरातलं हुकमाचं पान आपल्या बाहीत ठेवून मला गरम कॉफी पाठवत होता.

मी सोडलं नाही. मतपत्रिकेवर नाव नसलं तरी खाली एक मोकळी रेघ असते. तिथं हातानं कुणाचंही नाव लिहिता येतं. मी मे महिन्यापर्यंत दारोदार फिरले, लोकांना सांगितलं, माझं नाव लिहा. कॅझ म्हणाला, "मी गाडीनं सोडतो." मी म्हटलं, "मला पाय आहेत." घरात आम्ही मीठ दे, दार लाव, एवढंच बोलत होतो. तो बिचाऱ्यासारखं तोंड करून वावरायचा. पण मी बघत होते, तो अर्ज तसाच फ्रिजच्या वर पडून होता.

मतदानाच्या दिवशी मी नेहमीच्या जागी, दाराबाहेर. यंदा माझ्याच नावाची पत्रकं. कॅझ सातलाच आला. रांगेत माझ्यापासून हातभर अंतरावर उभा राहिला, मान खाली. मी सगळ्यांना पत्रक दिलं आणि त्याला दिलं नाही. उपयोग काय? या काउंटीतला कुठलाही रिपब्लिकन, माझं तोंडही न पाहिलेला, त्या रेघेवर लिहून मला उमेदवार करू शकत होता. माझ्या शेजारी झोपणारा माणूस मात्र नाही, कारण त्याला मिळणारा कागदच दुसऱ्यांचा. तो आत गेला, पाच मिनिटांनी बाहेर आला, रस्तेखात्याच्या खटाऱ्यात बसून कामावर गेला.

मी हरले. दोन जागांना तिघं, त्यात मी तिसरी. वॉरनची दोन्ही माणसं आली. हातानं नाव लिहिणारे सातशेच्या वर निघाले म्हणे, आणि ते आमच्याकडे पुष्कळ आहेत, असं सगळ्यांनी मला समजावलं. आश्रमाची किल्ली आता कुणाच्या हातात जाणार ते मला समजलं. मी दुसऱ्या दिवशी कामावर गेले आणि नेहमीसारखी लापशी शिजवली.

दहाच्या सुमाराला डोलोरेस मागच्या दारानं स्वयंपाकघरात आली. हातात मतमोजणीच्या कागदाची प्रत होती, हॉलच्या दारावर चिकटवतात ती.

"तुला हे बघायलाच पाहिजे," ती म्हणाली. नाक लाल झालं होतं तिचं रडून. "आमच्या बाजूचा कागद बघ. डेमोक्रॅटच्या. खाली, हातानं लिहिलेल्या नावांत."

तिथं माझं नाव होतं. ग्वेन युरकॉनिस. पुढं आकडा, एक.

"ते तुझ्या मतांत धरलं जात नाही," डोलोरेस म्हणाली. "त्याचा काही उपयोग नाही हे त्यालाही माहीत असणार. तरी लिहिलं गं त्यानं. किती जीव आहे बघ तुझ्यावर."

ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मी रडले नाही. मी त्या एका आकड्याकडे बघत राहिले, मग कागद घडी करून खिशात घातला.

संध्याकाळी कॅझ टेबलाशी बसून सॉसेज कापत होता. मी तो कागद त्याच्या ताटाशेजारी ठेवला. त्यानं वाचला आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा त्याचा चेहरा उजळला. आमच्या लग्नाच्या दिवशी दिसला होता तसा, अगदी पोरासारखा.

"बघितलंस तू?" तो म्हणाला. "मी कुणाला सांगितलं नव्हतं."

"ठाऊक आहे."

"मनापासून लिहिलं, ग्वेन."

"ठाऊक आहे, कॅझ. मत लिहिताना पडदा ओढलेला होता ना?"

"हो."

"आणि तो कागद कुणाचा, हे डोलनच्या पोराला कधी कळणार नाही."

तो सॉसेज कापायचा थांबला. मी बसले नाही. मी त्याच्या समोर उभीच होते.

"एक मत दिलंस मला," मी म्हणाले. "जिथं कुणी बघत नव्हतं तिथं."

त्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मी वाट बघितली. मी खरोखर वाट बघितली, पुष्कळ वेळ. मग त्यानं सुरी उचलली आणि पुन्हा कापायला लागला. मी माझं ताट घेऊन बाहेरच्या पायरीवर जाऊन बसले, रस्त्यावरून येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना दिसेन अशी.